तारकागुच्छात जवळून जाणारे तारे एकमेकांना पकडून जोडी जमवतात का?

तुमचा प्रश्न असा, की गुच्छात एवढी दाटी असते, तर येता-जाता एक तारा दुसऱ्याला पकडून ठेवतो, की थेट टक्करच होते? दोन्ही होतं, पण पकडणं वाटतं तेवढं सोपं नाही.

कढईच्या काठावरून गोटी सोडा. तळाशी ती जोरात पोचते आणि त्याच जोरावर समोरच्या काठाकडे चढते. ताऱ्यांचंही तसंच. जेवढ्या वेगाने जवळ येतात, तेवढ्याच वेगाने लांब जातात. गोटी शेवटी घर्षणामुळे थांबते, तिथे ते नाही. अगदी खेटून गेले तर भरती-ओहोटीसारखं एकमेकांना ताणण्यात थोडा वेग जिरतो, पण एरवी तो काढून घ्यायला तिसरा तारा लागतो. आधीच्या जोडीत तो घुसतो, तिघांचा गोंधळ उडतो आणि एक जण बाहेर फेकला जातो, बहुधा सगळ्यात हलका. घुसणारा जड असला की तोच जागा बळकावतो! दोन जोड्या भिडल्या तर एक तारा सुटून मागे तिघांचं बिऱ्हाडही उरतं.

याचं माझं आवडतं उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीदार अँटेनांनी एनजीसी 1851 या गुच्छात एक पल्सर, म्हणजे गरगर फिरत रेडिओ ठोके पाठवणारा न्यूट्रॉन तारा (मेलेल्या जड ताऱ्याचा अतिघट्ट गाभा) शोधला, 2004 साली तो जाहीर झाला. सेकंदाला सुमारे 200 गिरक्या. पल्सरला एवढी गती येते ती सोबत्याचं द्रव्य अंगावर पडत राहिल्याने, आणि त्यात कक्षा जवळजवळ गोल होऊन जाते. याची 18.8 दिवसांची कक्षा मात्र इतकी लांबट, की दोघांमधलं सर्वात जास्त अंतर सर्वात कमी अंतराच्या जवळपास 17 पट भरतं. वर सोबतीही चांगला वजनदार. म्हणजे गती देणारा पहिला सोबती गेला आणि हा नंतर आला, असंच मानावं लागतं.

आता टक्कर होऊन दोघांचं एक होणं, म्हणजे विलीनीकरण. त्याच गुच्छातल्या आणखी एका पल्सरचा सोबती 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून जाहीर झाला. वस्तुमान सूर्याच्या 2.09 ते 2.71 पट, न्यूट्रॉन तारा म्हणून फार जड आणि कृष्णविवर म्हणून फारच हलका. संशोधकांचा अंदाज असा, की दोन न्यूट्रॉन तारे एक होऊन तो बनला आणि मग अदलाबदलीत या पल्सरच्या गळ्यात पडला.

आपल्या आसपास हे शोधू नका. सूर्याला सर्वात जवळचा तारा 4.2 प्रकाशवर्षांवर, इथल्या जोड्या बहुतेक जन्मापासूनच्याच.