गाण्याचा बाज बदलला तर ऐकणारे जातील का?

हा प्रश्न घेऊन कलाकार मंडळी माझ्याकडं समुपदेशनाला बऱ्याचदा येतात, म्हणून एकाची गोष्ट सांगते, परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

कोल्हापूरचाच पोरगा, तिशीतला, स्वतः गाणी लिहून गिटारवर गातो, पुणे मुंबई बंगळूर असे शो चालू असतात. आता त्याला हलगी, डिमडी, तुणतुणं घेऊन गायचंय, आणि सगळ्यात जास्त ओढ धनगरी ओव्यांची. बँडवाले म्हणाले येडा झालायस काय, वडील म्हणाले आत्ता कुठं चार पैसे यायला लागलेत. "मॅडम, लोकगीतं गाणाऱ्या बॉब डिलननं १९६५ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेतली तर लोकांनी हुर्यो उडवली, मी तर उलट्या दिशेनं निघालोय."

मी आधी झोपेचं विचारलं. रात्रीची बस, दुपारी साउंड चेक, जेवण कधीही, आणि झोप जवळजवळ नाहीच. दमलेल्या माणसाला जुनं सगळंच नकोसं होतं आणि नवीन काहीही सुटका वाटते, त्यामुळं घेतलेले शो आहेत तसे पार पाड, नवीन तारखा घेऊ नकोस, झोप नीट झाल्यावरही ओढ राहिली तर बोलू, असं ठरलं.

ओढ राहिली. पण खरी भीती नंतर बाहेर आली, "गिटारवर वाढलेल्या मला ओव्या गायचा अधिकार काय?" यावर मी भाषण दिलं नाही, जे गातात त्यांच्यात जाऊन बस म्हटलं. पट्टणकोडोलीकडच्या एका आबांकडं तो जायला लागला. पहिल्याच दिवशी मोबाईल काढून रेकॉर्डिंग लावलं तर आबा म्हणाले, ठेव ते, आधी झील धर. मग पुढच्याची ओळ संपताना मागून उचलायची एवढंच कितीतरी दिवस केलं, आणि अधिकाराचा प्रश्न त्यानं परत कधी काढला नाही. आबांकडनं घेतलेलं स्टेजवर गाशील तेव्हा त्यांचं नाव घ्यायचं आणि पैशातला वाटा द्यायचा, यावर मात्र मी अडूनच बसले.

वडिलांसमोर वही घेऊन महिन्याचा खर्च मांडला, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. शोमध्ये आता मधे दोन ओव्या असतात. काही ऐकणारे गेले, त्याचं त्याला वाईट वाटतं, आणि ते वाटणारच. ड्रमर मित्राशी बोलणं अजून जमलेलं नाही, सध्या आमचं त्यावर चाललंय.