तालुक्याच्या गावातील पहिली दुपार
वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरकडे नव्याने आला असाल, तर बाजारपेठ चारनंतर फिरावी; विदर्भाच्या उन्हाळ्यात भर दुपारी बरीच दुकाने अर्धे शटर ओढून असतात. भौगोलिक मानांकन मिळालेली वायगाव हळद घेताना पूड न मागता हळकुंड मागावे, कारण ते मोडून आतला गडद रंग पाहता येतो आणि असे पारखणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदारही मोकळेपणाने बोलू लागतो. गावात एखादे नवीन भोजनालय निघाले असेल, तर ते कसे आहे, हे त्यालाच विचारावे. तेथे आधी पाटोडी रस्सा मागवावा: बेसनाच्या वड्या कोणालाही जमतात, पण मसाला नीट भाजला आहे की नुसती तर्री, म्हणजे वरचा लाल तेलकट तवंग, चढवली आहे, हे पहिल्या घासाला कळते. सावजी तिखटाची सवय नसल्यास तर्री वेगळ्या वाटीत मागावी. त्यात कमीपणा नाही.