लिंकन आधी वकील झाले की आधी राजकारणी? आणि कायद्याची पदवी नसताना वकिली कशी केली?

आधी राजकारणी. १८३४ मध्ये ते इलिनॉय राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले (आपल्या भाषेत आमदार) आणि वकिलीचा परवाना त्यांना मिळाला १८३६ मध्ये. १८३२ च्या पहिल्या निवडणुकीत ते पडले होते. पण त्यांच्या न्यू सेलम गावच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्यांनाच होती, म्हणजे गाव पाठीशी होतं, बाकीचा जिल्हा ओळखत नव्हता. १८३४ च्या प्रचारात निवडणुकीला उभ्या असलेल्या जॉन टॉड स्टुअर्ट या वकिलाने त्यांना 'कायदा शिक' म्हणून गळ घातली आणि आपली पुस्तकं वाचायला दिली. ती आणायची तर स्प्रिंगफील्ड गाठावं लागे, साधारण ३० किलोमीटरवर. १८३७ मध्ये ते तिथेच राहायला गेले आणि स्टुअर्टचे भागीदार झाले. आमदारकीच्या सलग चार मुदती १८४२ पर्यंत चालल्या. पोटापाण्याचं साधन मात्र वकिलीच: दोन वर्षं वॉशिंग्टनला देशाच्या प्रतिनिधिगृहात काढली ती सोडली, तर राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत तीच.

फक्त 'पदवीशिवाय वकील' यात फार नवल मानू नका. तेव्हा अमेरिकेत बहुतेक जण एखाद्या वकिलाच्या हाताखाली काम शिकूनच वकील होत. लिंकननी तेही केलं नाही, एकट्याने वाचलं. वेगळेपण असलंच तर ते एवढंच.