काटकसर करूनही शिल्लक का राहत नाही?

"आम्ही एवढी काटकसर करतो, तरी महिनाअखेरीस हातात काहीच उरत नाही," ही तक्रार घेऊन माझ्याकडे अनेक जण येतात. त्यांपैकी पंचेचाळिशीच्या एका बाईंची हकिगत, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून, येथे सांगते. खरे तर त्या आपल्या मुलीविषयी बोलायला आल्या होत्या. खोलीतला दिवा चालू राहिला म्हणून त्या रागावल्या आणि मुलगी सर्वांदेखत त्यांना कंजूष म्हणाली. "मॅडम, टूथपेस्टची नळी संपली की मी ती कात्रीने कापून उरलेली पेस्ट काढते. हे काय मी एकटीसाठी करते?" एवढे बोलून त्या रडू लागल्या.

पुढच्या भेटीत मी त्यांना खर्चाची वही आणायला सांगितली. सुट्या नाण्यांपर्यंतचा रोजचा हिशेब, चुकलेली बेरीज खोडून पुन्हा मांडलेली. ती वही पाहून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. बँकेचे उतारे शेजारी ठेवून आम्ही दोघींनी ओळीमागून ओळ ताडून पाहिली, तेव्हा ध्यानात आले की वहीत केवळ हाताने दिलेले पैसे होते. खात्यातून परस्पर वळते होणारे हप्ते, कोणी वापरत नसलेल्या दोन सेवांची वर्गणी आणि पतीच्या क्रेडिट कार्डापोटी दरमहा भरली जाणारी किमान रक्कम यांची त्यात नोंदच नव्हती. पैसे देताना मनाला बसणाऱ्या चटक्याविषयी ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टीन या आर्थिक वर्तनाच्या अभ्यासकांनी १९९८ मध्ये विस्ताराने लिहिले आहे. कार्डामुळे वस्तू आज मिळते आणि पैसे नंतर जातात, म्हणून तो चटका फारसा जाणवत नाही.

तिसऱ्या भेटीला तिघेही आले. मी कागदावर साधा हिशेब मांडला. ज्या दिव्यावरून भांडण झाले तो ९ वॉटचा एलईडी दिवा सुमारे १११ तास जळला तर एक युनिट वीज लागते, आणि तेवढीच वीज २००० वॉटचा गिझर अर्ध्या तासात घेतो. कार्डाच्या थकबाकीवर दरमहा ३ टक्के व्याज होते. त्या दराने काहीच न फेडलेली रक्कम २४ महिन्यांत दुप्पट होते, आणि किमान रक्कम भरत राहिल्यास मुद्दल अगदी सावकाश कमी होते. बाई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या.

मग पती हळूच म्हणाले, "थकबाकीचे सांगायचे अनेकदा मनात आले, पण दिव्यावरून एवढे होते, तर यावरून काय होईल, या भीतीने गप्प राहिलो." माझ्या मते या घराची खरी अडचण हीच होती. एकाच माणसाने सर्वांवर पहारा ठेवायचा, अशी काटकसरीची रीत पडली की बाकीची माणसे खर्च कमी करत नाहीत, तो लपवू लागतात. आणि लपवलेला खर्च बहुधा मोठाच असतो. पत्नीच्या कष्टांत खोट नव्हती, पण त्या कष्टांत घरातले कोणी सहभागी नव्हते.

त्यांनी दोन्ही वर्गण्या बंद केल्या, कार्ड वापरणे थांबवले आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी थकबाकीची ठरावीक मोठी रक्कम भरायची असे ठरवले. महिन्यातून एकदा तिघांनी एकत्र बसून हिशेब पाहावा, आणि प्रत्येकाला ज्याचा जाब कोणी विचारणार नाही अशी थोडी रक्कम हातखर्चाला मिळावी, एवढे मी सुचवले. दुसऱ्या सूचनेला बाईंनी बराच विरोध केला, पण अखेर त्या तयार झाल्या.

मागच्या भेटीत वही मुलीच्या हातात होती. थकबाकीचे आता चार हप्ते उरले आहेत. ते फिटल्यावर त्या पैशांचे काय करावे, असे बाईंनी विचारले, तेव्हा तीच रक्कम त्याच तारखेला बचतीच्या वेगळ्या खात्यात जाऊ द्यावी, असे मी सांगितले. मुलीने ते लगेच वहीत टिपून घेतले.