वाचकांचे प्रश्न: कचऱ्यातून विजेचा प्लांट वाढतोय, आधी वजनकाट्यावर जाऊन या

प्रश्न : दादा, आमच्या सोसायटीपासून कचरा डेपो दीड किलोमीटरवर आहे. तिथे कचरा जाळून वीज बनवायचा प्लांट झाला आणि आता तो जवळपास दुप्पट करायचं चाललंय असं कळलं. आमचे नगरसेवक माणूस चांगले आहेत पण विचारलं की म्हणतात चिमणीला मीटर लावलेत, प्रदूषण मंडळ बघतं, पालिकेच्या हातात काही नाही. खरंच हातात काही नसतं का? पहाटे वास येतो पण काळा धूर काही दिसत नाही, मग आम्ही काळजी करावी की नाही?

उत्तर : ताई, "हातात काही नाही" हे वाक्य मी घनकचऱ्याच्या कामात असताना इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की पोटात तुटतं. जागा पालिकेची, कचरा पालिकेचा, घंटागाड्या पालिकेच्या पैशावर फिरतात, करारावर सही पालिकेची, मग मंडळाकडे बोट दाखवून कसं चालेल? चिमणीतून बाहेर काय येतं ते बघायला मंडळ आहे, पण भट्टीत काय जातं ते बघायचं काम पालिकेचंच आहे आणि माझं ठाम मत आहे की या प्लांटचं बरंवाईट तिथेच ठरतं, भट्टीच्या दारात.

आपल्याकडचा मोठा प्लांट म्हणजे पिंपरी-चिंचवडचा मोशीचा, १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. खर्च साधारण ३०० कोटी, दिवसाला ७०० टन कचरा म्हणजे वर्षाला अडीच लाख टन, आणि क्षमता १४ मेगावॅट. कागदावरचा हिशोब केला तर १४ मेगावॅट चोवीस तास पूर्ण जोरात चालले तर ३ लाख ३६ हजार युनिट, म्हणजे टनामागे ४८० युनिट. एवढी वीज हवी असेल तर कचरा कोरडा हवा, त्यात भाजीची देठं, नारळाच्या शहाळ्या, लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण नको. ओला कचरा जळत नाही, तो आधी स्वतःतलं पाणी सुकवण्यात भट्टीची उष्णता खातो. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या कंपनीने दिवसाला ३०० टनांचा प्लांट उभारला होता, तो जेमतेम तीन आठवडे चालला, कारण कचऱ्यात जळण्याइतकी ऊर्जाच नव्हती, जवळपास निम्मीच निघाली. एवढा जुना धडा असूनही आजही वाढीव प्लांटच्या प्रस्तावात "उपलब्ध कचरा इतके टन" एवढंच लिहिलेलं असतं, त्यातला जळण्यालायक किती ते नसतं.

म्हणून तुम्ही चिमणीच्या आधी वजनकाट्यावर जा. गाडी भरून येते, काट्यावर चढते, ग्रॉस वजन, मग रिकामी परत येते, टेअर, आणि वजा करून नेट वजनाची चिठ्ठी निघते. बऱ्याच करारांत याच चिठ्ठीवर पैसे जातात, टनामागे टिपिंग फी. आता जुलै महिन्यातली गाडी डोळ्यासमोर आणा, ताडपत्री फाटलेली, रात्रभर पाऊस, मागच्या फळीतून काळं पाणी गळतंय, काट्याच्या लोखंडी पट्टीवर ते साचलंय आणि पडद्यावर आकडा चढतोय. त्या आकड्यात पाऊस पण आहे आणि पैसे त्याचेही गेले, आणि वर हाच कचरा भट्टीत गेल्यावर तापमान खाली येणार. मी स्वतः अशा काट्यापाशी उभा राहिलोय, तिथला पोरगा म्हणाला साहेब आम्हाला वजन घ्यायला सांगितलंय, आत काय आहे ते बघायला नाही सांगितलं. त्याची काही चूक नव्हती, त्याला तेच काम दिलं होतं.

आणि तापमान खाली आलं की काय होतं ते नीट समजून घ्या कारण तुमच्या "काळा धूर दिसत नाही" याचं उत्तर त्यातच आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घालून दिलं की भट्टीच्या दुसऱ्या कक्षातला वायू निदान ९५० अंशांवर आणि निदान दोन सेकंद राहिला पाहिजे, क्लोरिनवालं प्लॅस्टिक, म्हणजे पीव्हीसी पाइप, रेक्झिन असलं काही जाळायचं नाही, आणि डायॉक्सिन व फ्युरान, म्हणजे कचरा कमी तापमानात अर्धवट जळला की तयार होणारी विषारी रसायनं, मिळून चिमणीतल्या वायूच्या एका घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅमच्या वर जाता कामा नये. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, डोळ्याला काय दिसणार! धूळ, सल्फर, कार्बन मोनॉक्साइड हे गेटवरच्या बोर्डावर ऑनलाइन दिसतं, ते खरंच उपयोगी आहे, पण डायॉक्सिन त्या बोर्डावर येत नाही, त्यासाठी चिमणीत नळी घालून सहा ते आठ तास नमुना घ्यावा लागतो आणि मग लॅबचा रिपोर्ट येतो. म्हणजे ज्या दिवशी नमुना घेतला त्या दिवशीचं कळलं, बाकी दिवसांचं काय? त्यातून नमुन्याची तारीख आधी ठरलेली असेल तर त्या दिवशी निवडून सुका कचरा टाकणं काही अवघड नाही.

यावर उपाय नाही असं नाही. कॅनडात ओंटारियो प्रांतात डरहॅम आणि यॉर्क या दोन स्थानिक सरकारांच्या मालकीचा असाच प्लांट आहे, २०१६ पासून चालू, वर्षाला १ लाख ४० हजार टनांची परवानगी, पुढे ती १ लाख ६० हजारांवर न्यायचा विषय निघाला. २०१६ च्या मे महिन्यातल्या चाचणीत त्यांच्या एका बॉयलरचा डायॉक्सिन मर्यादेच्या दहा पटींहून जास्त निघाला, बॉयलर बंद ठेवावा लागला. त्यांची मर्यादा ६० पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा हजारावा भाग), आपली ०.१ नॅनोग्रॅम म्हणजे त्याच मापात १००. तिथे चिमणीला असं यंत्र आहे जे आठवडेच्या आठवडे सलग नमुना साठवतं, चाचण्यांचे रिपोर्ट लोकांना वाचायला मिळतात आणि सल्लागार समितीत नागरिक बसतात. तिथेही वाद झालेच, लोक भांडलेच, पण भांडायला हातात आकडे होते. तुमच्या पालिकेने वाढीच्या करारात हे सलग नमुन्याचं यंत्र एक अट म्हणून घातलं तर कोण अडवणार आहे?

पहाटेच्या वासाचं म्हणाल तर वास बहुतेक वेळा जाळण्याचा नसतो, साठवणीच्या खड्ड्यात कुजत पडलेल्या ओल्या कचऱ्याचा किंवा शेजारच्या जुन्या डेपोचा असतो. वेळ आणि वाऱ्याची दिशा रोज वहीत लिहा, महिनाभर लिहा, पुढे त्याचा पुरावा म्हणून उपयोग होतो.

प्रश्न : प्लांटची वाढ करताना जनसुनावणी घ्यावीच लागते का? आमच्याकडे कुणी म्हणतं लागते, कुणी म्हणतं आता सूट आहे.

उत्तर : दोघेही अर्धे बरोबर आहेत. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत घनकचऱ्याची सामायिक सुविधा येते आणि तिला जनसुनावणीची पायरी आहे. पण त्याच अधिसूचनेत वीजप्रकल्प म्हणून पाहिलं तर पुढे झालेल्या बदलांनी १५ मेगावॅटपर्यंतच्या, घातक नसलेल्या शहरी कचऱ्यावर चालणाऱ्या आणि कोळसा वगैरे जोडइंधन १५ टक्क्यांच्या आत वापरणाऱ्या प्रकल्पांना सूट मिळाली. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की आज किती मेगावॅट, वाढीनंतर किती, आणि परवानगी नेमकी कुठल्या कलमाखाली मागितली आहे. दुसरं, वाढीसाठी प्रदूषण मंडळाची नव्याने संमती लागतेच, जुन्या कन्सेंटवर नवा बॉयलर चालत नाही.

सुनावणी असेल तर निदान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात नोटीस यायला हवी, अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयात, पालिकेत बघायला ठेवलेला हवा. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी अध्यक्ष असतो. घोषणा द्यायला हरकत नाही हो, पण जे बोलाल ते लेखी पण द्या आणि पोच घ्या, कारण इतिवृत्तात जे लिहिलं तेवढंच पुढे जातं.

प्रश्न : दिल्लीत ओखल्याचे लोक तिथल्या अशाच कचरा जाळणाऱ्या प्लांटविरुद्ध एवढी वर्षं लढले, त्यांना काय मिळालं? मग आम्ही कशाला लढायचं?

उत्तर : तुमचा वैताग कळतो. ओखल्याला सुखदेव विहारच्या रहिवाशांनी २००९ मध्ये, प्लांट सुरू व्हायच्याही आधी, हायकोर्टात धाव घेतली, प्लांट २०१२ ला सुरू झाला, केस २०१३ ला हरित न्यायाधिकरणाकडे गेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये निकाल लागला, २५ लाखांची भरपाई आणि प्लांट चालू. पुढे तोच २३ मेगावॅटवरून ४० वर न्यायचा प्रस्ताव आला आणि २०१९ च्या सुनावणीत लोक पुन्हा उभे राहिले. दहा वर्षं! वाचताना मलाच दमायला होतं. पण मला यातून एवढंच दिसतं की एकदा भट्टी पेटली की ती विझवणं फार कठीण जातं, म्हणून जोर लावायचा तो करारावर सही व्हायच्या आधी. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर न्यायाधिकरणात मुदत ३० दिवसांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस, आणि पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

प्रश्न : मी यंदा पहिल्यांदाच नगरसेविका झाले. प्लांटच्या वाढीचा विषय सभेत येणार आहे, अधिकारी जाड फाइल दाखवतात आणि म्हणतात मॅडम सगळं टेक्निकल आहे. मी नेमकं काय मागू?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं आपल्या बऱ्याच महापालिकांत प्रशासक होते, सभागृहच नव्हतं, केवढे करार त्या काळात कुणी प्रश्न न विचारता झाले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर तुम्ही मंडळी आलात, तर हा हक्क वापरा.

सगळ्यात आधी एवढं बघा की हा विषय विषयपत्रिकेवर रीतसर आलाय की ऐनवेळचा विषय म्हणून घुसवलाय. ऐनवेळी आला तर तहकूब करायला सांगा, हट्टाने सांगा. मग मूळ करारनामा सगळ्या परिशिष्टांसह मागा, सारांश नको. त्यात "किमान हमी कचरा" असं कलम असेल, म्हणजे पालिकेने दिवसाला अमुक टन द्यायचाच, कमी पडला तर पालिकेने भरपाई द्यायची. हे कलम माझ्या मते सगळ्यात घातक. आज तुमच्या वॉर्डात लोकांनी ओला सुका वेगळा करायला सुरुवात केली, सोसायट्यांनी खत केलं, कचरावेचक बायांनी पुठ्ठा, बाटल्या वेगळ्या काढल्या, पुण्यात स्वच्छ संस्थेच्या बाया हे वर्षानुवर्षं करतात, तर भट्टीला कचरा कमी पडणार आणि चांगलं काम केल्याचा दंड शहराने भरायचा. वाढीव क्षमतेवर हीच हमी आणखी वीसेक वर्षं लागली तर तुमची मुलं मतदान करायला लागतील तरी आपण बांधलेलेच. म्हणून उपसूचना मांडा की हमी दर दोनतीन वर्षांनी फेरतपासणीला यावी आणि वेगळ्या केलेल्या कचऱ्याची घट त्यातून वजा व्हावी.

राखेचं विसरू नका. जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा राख म्हणून उरतो, आणि गाळण्यांत अडकणारी बारीक राख जास्त विषारी असते, तिच्यात जड धातू मर्यादेबाहेर असतील तर ती घातक कचऱ्याच्या अधिकृत जागीच जायला हवी, तुमच्या वॉर्डातल्या खाणीच्या खड्ड्यात नाही. दर महिन्याला किती राख निघाली, कुठल्या गाडीने कुठे गेली, तिथली पोच कुठे आहे, हा तक्ता मागा. मी सांगतो, या एका तक्त्यावर अर्धी सभा गप्प होते.

अधिकारी देत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर. त्या कायद्यात फक्त कागद नाही, कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे, हे फार कमी लोक वापरतात. तुमच्या सोबत वॉर्डातल्या दोघीचौघी घ्या, पहाटे पाचला जा, पहिल्या गाड्या येतात तेव्हा काट्यापाशी उभ्या राहा आणि चिठ्ठ्यांचे फोटो काढा. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा जा, दोन्ही महिन्यांची वजनं आणि त्या महिन्यांत तयार झालेली युनिटं शेजारी शेजारी लिहा, आणि तो कागद सभेत वाटा.