कष्टाळू काम की कष्टाचं काम?

प्रश्न: मी निफाडची. द्राक्षबागेवर लेख लिहितेय, त्यात थिनिंगबद्दल, म्हणजे घडातले जादा मणी काढण्याबद्दल, 'थिनिंग हे फार कष्टाळू काम आहे' असं लिहिलं तर मैत्रीण म्हणते चुकलं, मग काय लिहू?

उत्तर: ताई, मैत्रीण बरोबर आहे. कष्टाळू माणूस असतो, काम कष्टाचं किंवा मेहनतीचं. पण थिनिंगसाठी मला स्वतःला 'जिकिरीचं' जास्त आवडेल, कारण तिथे नुसती ताकद लागत नाही, मांडवाखाली मान वर करून दिवसभर उभं राहायचं, एकेका घडात बारीक कात्री घालून नेमके मणी काढायचे आणि बाकीच्यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे सगळं त्या एका शब्दात येतं बघा. खत वाहणं मात्र सरळ अंगमेहनतीचं.

आणि अख्ख्या द्राक्षशेतीबद्दल म्हणायचं असेल, म्हणजे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), सगळीकडे माणसंच लागतात, तर 'श्रमप्रधान' लिहा, अर्थशास्त्रात 'भांडवलप्रधान'च्या उलट हाच शब्द वापरतात. फक्त पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजूर बायकांबद्दल लिहिताना तो नको, फार कोरडा वाटतो, तिथे 'कष्टाचं'च ठेवा.