वाचकांचे प्रश्न : जुन्या युनिमॅटला काय जोडावे?

चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात हाताला लागलेला युनिमॅट एसएल, म्हणजे ऑस्ट्रियातल्या हालाइनच्या एम्को कंपनीचा टेबलावर मावणारा लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र). त्याबद्दलच्या चार पत्रांना या महिन्यात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मोटरवर ११० व्होल्ट लिहिलंय. ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो, पण दहा मिनिटांत हात लावता येत नाही इतकी तापते. दुसरी मोटर बसवावी का? (डोंबिवली)

आधी हे लक्षात घ्या की ही मोटर सलग चालण्यासाठी केलेलीच नाही. थोडं काम, मग विश्रांती, असाच तिचा हिशोब. त्यामुळे तापते म्हणजे बिघडलीच असं धरू नका. मोटरचे कार्बन (ब्रश) काढून बघा. ५ मिमीपेक्षा आखूड झाले असतील तर नवे घाला. कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) काळा पडला असेल तर बारीक काच-कागदाने पुसा. एमरी वापरू नका, तिची पूड पट्ट्यांमधल्या खाचांत अडकून शॉर्ट करते. ट्रान्सफॉर्मर किमान २०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) हवा, आणि लोहार चाळीत घ्याल तेव्हा ‘आयसोलेशन’ म्हणून मागा. ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यात मेन लाइन वेगळी होत नाही. लेथच्या बॉडीला अर्थिंगही करून घ्या. मूळ प्लग दोन पिनांचा असेल तर तो तसाच ठेवू नका.

बदलायचीच असेल तर पुष्कळ जण शिलाई मशीनची मोटर सुचवतात. आमचं मत उलटं आहे. तीही थोडा वेळ चालणारीच, आणि वेग कमी केला की तिचा जोर जातो. इलेक्ट्रिक स्कूटरची २४ व्होल्ट, २५० वॉटची डीसी मोटर बरी. ती पूर्ण वेगाला मिनिटाला सुमारे २,७०० फेरे देते. मोटरवर २५ मिमीची आणि स्पिंडलवर (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरवणाऱ्या दांड्यावर) ७५ मिमीची पुली लावली की स्पिंडल ९०० वर येतो. २० मिमीचं माइल्ड स्टील हायस्पीड स्टीलच्या टूलने कापायला साधारण ४०० फेरे लागतात, तिथे पीडब्ल्यूएम कंट्रोलरने (वीज झटपट चालू-बंद करून वेग बदलणाऱ्या सर्किटने) उतरता येतं. पॉवर सप्लाय २४ व्होल्ट, १५ अँपिअरचा घ्या. तो आणि कंट्रोलर दोन्ही बंद डब्यात ठेवा. पितळेचा बुरा सर्किटवर पडला की सगळं संपलं.

मोटर मात्र हेडस्टॉकवर (स्पिंडल धरणाऱ्या भागावर) टांगू नका. दोनेक किलोचं वजन तिथे नको. ती खालच्या पाटावर स्वतंत्र बसवा. यात तोटा एकच : हेडस्टॉक उभ्या खांबावर चढवून ड्रिल करायची सोय गैरसोयीची होते. उलट फिरवण्याचा स्विच लावायचा मोह टाळा. चक (जॉब पकडणारा भाग) आट्यांवर बसतो, आणि उलट फिरताना झटका बसला की तो सुटून हातावर येतो.

प्रश्न : पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) टूल जॉबमध्ये घुसतं आणि जॉब उडतो. टर्निंगला टेपरही (एका टोकाला निमुळतेपणा) येतो. (ठाणे)

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा बेडमध्ये (टूल ज्यावरून सरकतं त्या भागात) आहे. या लेथला सपाट बेड नाही. दोन गोल दांडे दोन टोकांना धरलेले, बस. पार्टिंगचा भार आला की टूल खाली झुकतं, झुकताना पुढे सरकतं, जास्त माल खातं, म्हणून आणखी झुकतं. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे मागचा टूल पोस्ट. क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) टी-खाचेत, जॉबच्या पलीकडे एक ठोकळा बसवायचा आणि त्यात पार्टिंग ब्लेड उलटं, धार खाली करून लावायचं. लेथ नेहमीसारखाच फिरवायचा. आता भार टूलला वर उचलतो, आणि टूल हललंच तर जॉबपासून दूर जातं. ब्लेड १.५ मिमीचं पुरे. बाहेर निघालेला भाग जॉबच्या निम्म्या व्यासाहून जेमतेम २ मिमी जास्त ठेवा. ॲल्युमिनियमला रॉकेल, स्टीलला तेल, पितळ कोरडं.

टेपरसाठी आधी पाट तपासा. लेथ २० मिमीच्या सपाट प्लेटवर बोल्टने आवळलेला असावा. पाट वाकडा असेल तर बोल्ट आवळताना बेडच पिळला जातो. पायाखाली कागदाच्या घड्या घालून तो पीळ काढा. मग १६ मिमीचा ॲल्युमिनियमचा दांडा चकमध्ये घट्ट धरा, ६० मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) लावू नका. दोन्ही टोकांना रुंद कड्या ठेवून मधला भाग उतरवा आणि दोन्ही कड्यांवरून एकाच सेटिंगला ०.०५ मिमीचा हलका कट घ्या. मायक्रोमीटरने मोजा. बाहेरची कडी जाड आली तर जॉबचं ते टोक तुमच्यापासून दूर आहे. हेडस्टॉक किंचित फिरवून ते तुमच्याकडे आणा. व्यासात ०.०४ मिमी फरक असेल तर ६० मिमीत फक्त ०.०२ मिमी सरकवायचं असतं, म्हणून ठोकताना लाकडी हातोडी, आणि तीही हलकी.

प्रश्न : कॉलेट चक (बारीक दांडा चहूबाजूंनी पकडणारा चक) घरी करता येईल का? एम-१२ टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) आणला, पण त्याचे आटे स्पिंडलवर बसत नाहीत. (गिरगाव)

नागदेवी स्ट्रीटवर नुसतं ‘एम-१२’ म्हटलं की दुकानदार १.७५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) टॅप देतो, बारीक मागितला तर १.५ किंवा १.२५ चा. युनिमॅट एसएलचा स्पिंडल एम-१२ बाय १ आहे, तो आकडा लिहूनच न्या. आटे पाडायच्या आधीचं भोक ११ मिमीचं.

कॉलेटच्या मापांपैकी ईआर-१६ निवडा. १ ते १० मिमीपर्यंत पकडतो, आणि या लेथला त्याहून मोठा शोभत नाही. मागचे आटे आणि पुढचे नटाचे एम-२२ बाय १.५ चे आटे मोठ्या लेथवर करून घ्या, कारण युनिमॅटवर नुसत्या टूलने आटे पाडता येत नाहीत. आतलं भोक मात्र ९ मिमीचं सरळच ठेवायला सांगा. टेपर स्वतःच्या स्पिंडलवर, तिथेच बसवून करा. असं केलं की आट्यांतली चूक असली तरी कॉलेट आऊट (वाकडा) फिरत नाही.

कोन ८ अंश. युनिमॅटचा हेडस्टॉक फिरतो, म्हणून वेगळ्या कंपाउंड स्लाइडची (टूल कोनात सरकवणाऱ्या भागाची) गरज नाही. खुणा बघून कोन लावू नका. चकमध्ये सरळ दांडा धरा, सॅडलवर (बेडवरून टूल नेणाऱ्या भागावर) डायल गेज (काट्याचं मापयंत्र) बेडला काटकोनात लावा आणि सॅडल २० मिमी सरकवा. काटा २.८१ मिमी हलला की कोन बरोबर. मग बोरिंग टूलने हलके कट घ्या आणि खरा कॉलेट हातात ठेवून माप बघत जा. शेवटी त्यावर निळी शाई लावून बसवून बघा. शाई फक्त तोंडाशीच लागली तर कोन चुकला आहे.

एक सर्रास होणारी चूक : कॉलेट भोकात टाकून वरून नट आवळतात. आधी कॉलेट नटात ‘टक्’ आवाजाने बसवायचा, मगच नट चकवर चढवायचा.

प्रश्न : पावसाळ्यात दांडे गंजतात. मूळ पट्टा मिळत नाही. (वसई)

काम झालं की बुरा ब्रशने काढा आणि दांड्यांवर पातळ मशीन ऑइल फिरवा. उघड्यावर फडकं टाकून ठेवू नका, फडकं ओल धरतं.

पट्ट्यासाठी गोल पीयू (पॉलियुरेथेन) दोरी मीटरवर मिळते. पुलीच्या खाचेचं माप नेऊन तेवढीच जाड घ्या. मोजलेल्या लांबीपेक्षा ६ ते ७ टक्के कमी कापा, ती ताणते. दोन्ही टोकं तापलेल्या पात्याला एकदम टेकवा, वितळली की पातं काढून दाबून धरा, पंधरा सेकंद हलवू नका. पूर्ण थंड झाल्यावरच सांध्याचा फुगवटा ब्लेडने कापा, नाहीतर पट्टा पुलीवर प्रत्येक फेऱ्याला उडी मारेल आणि जॉबवर तेवढ्याच लाटा दिसतील.